मोहितेंच्या भिंतीला खिळा नाही

वसंत मोहिते यांनी आमच्या सोसायटीला फसवलं. सरळ सांगून टाकतो. फिरवून बोलायचं ते मी दुकानात गिऱ्हाइकाशी बोलतो. जो माणूस इतकी वर्षं आमचा सेक्रेटरी म्हणून वावरला, ज्यानं माझं चपलांचं कपाट पॅसेजमधून उचलायला लावलं, ज्यानं माझ्या टेम्पोला गेटच्या आत उभं राहू दिलं नाही, तो माणूस आमच्या सोसायटीचा सभासदच नव्हता. या बिल्डिंगमधली एक वीटही त्याच्या नावावर नाही.

पण ते पुढे येईलच. आधी मोहिते ही काय चीज आहे ते सांगतो.

बदलापूरला सोनिवलीच्या बाजूला आमची नीलमोहर सोसायटी आहे. आम्ही राहायला आलो तेव्हा आजूबाजूला शेतं होती, आता सगळीकडे बिल्डिंगाच आहेत. मोहिते पहिल्यापासून तिथले. अंबरनाथच्या एका कारखान्यातून स्टोअर ऑफिसर म्हणून निवृत्त झालेले. उंच, वाळके, शर्टाचं वरचं बटणसुद्धा लावलेलं, आणि खिशात कायम मोजपट्टी. त्यांचं एकच वाक्य होतं: "मालकासारखं वागा."

जिन्यात कुणी पान थुंकलं, की "मालकासारखं वागा." मुलांनी भिंतीवर खडूनं स्टंप काढले, की "मालकासारखं वागा." टँकरवाल्यानं पाइप नीट जोडला नाही आणि चार बादल्या पाणी रस्त्यावर गेलं, तर त्यालाही तेच. तो बिचारा म्हणाला, "साहेब, टँकर पण माझा नाही." मोहिते म्हणाले, "नसू दे. वागायला काय जातं?"

लिफ्ट मध्येच अडकली की ते तिच्या दारावर हलकेच थोपटायचे, आजारी बैलाच्या पाठीवर थोपटावं तसे. ड्रेनेजच्या पाइपाजवळ पिंपळाचं रोप उगवलं तर दुसऱ्या दिवशी हा माणूस शिडीवर. संध्याकाळी कारखान्यांकडून घाणेरडा वास यायला लागला की गच्चीवर उभं राहून कुठल्यातरी ऑफिसला फोन लावायचे: "मी नीलमोहरमधला रहिवासी बोलतोय." रहिवासी. हा शब्द तेव्हा माझ्या कानाला खटकला नाही. खटकायला हवा होता. मी भावात एका रुपयाचा फरक पकडणारा माणूस आहे.

आता माझं सांगतो. उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात माझं दुकान आहे. सुतारांच्या हाताखाली रंधा मारत मारत दुकान केलं, फुकट कुणी काही दिलेलं नाही. तिथं सिंधी व्यापाऱ्यांच्या शेजारी बसून मी घासाघीस शिकलो. समोरच्याला पाणी द्यायचं, चहा द्यायचा, पण भाव द्यायचा नाही. ह्या सगळ्या विद्येचा मोहितेंपुढे काडीचा उपयोग झाला नाही. चपलांच्या कपाटावरून मी त्यांच्याशी आठवडाभर भांडलो. "निम्मं आत घेतो, निम्मं बाहेर राहू द्या," असंही म्हणून पाहिलं. ते मोजपट्टी काढून खाली बसले आणि म्हणाले, "गायकवाड, पॅसेज सगळ्यांचा आहे. त्यात निम्मं असं नसतं." फर्निचरवाल्याच्या घरचं कपाट उचलायला लावलं! माझी बायको मंगल पोट धरून हसत होती.

दुसरं भांडण ड्रिलचं. दुपारी दोन ते चार ड्रिल बंद, हा त्यांचा नियम. आमच्या हॉलमध्ये मी भिंतभर युनिट बसवत होतो, टीव्ही, शोकेस, बुद्धमूर्तीसाठी कोनाडा, सगळं. दोनला दोन मिनिटं झाली आणि मोहिते दारात. मला वाटलं आता नियम वाचून दाखवतील. पण ते आत आले आणि भिंतीकडे बघत उभे राहिले. बराच वेळ. मग एका भोकावरून त्यांनी बोट फिरवलं, आत बोट घालून पाहिलं, बोटाला लागलेली विटेची लाल भुकटी अंगठ्यानं चोळली आणि म्हणाले, "भरपूर खिळे मारताय."

मी म्हणालो, "माझी भिंत आहे. मारीन नाहीतर चाळण करीन."

"हो, हो," ते म्हणाले. "तुमचीच आहे." आणि निघून गेले. दंडाची नोटीस मात्र संध्याकाळी आली.

गंमत म्हणजे साऱ्या बिल्डिंगला एकसारख्या नावाच्या पाट्या लावायला लावणाऱ्या या माणसाच्या स्वतःच्या दारावर पाटी नव्हती. कुणी विचारलं तर म्हणायचे, "सेक्रेटरीचं दार शोधावं लागत नाही." दिवाळीत सगळ्यांचे कंदील उंच टांगलेले, यांचा मात्र गॅलरीच्या ग्रिलला सुतळीनं बांधलेला, वाकडा, गुडघ्याएवढ्या उंचीवर. मी दर वर्षी खालून ओरडायचो, "मोहितेसाहेब, कंदील आहे की अडकलेला पतंग?" ते वरून हात करायचे.

त्यांच्या घरात मात्र कुणी गेलेलं नव्हतं. बायको गेल्यापासून एकटेच. कुणी भेटायला गेलं की दारातच बोलायचे, नाहीतर जिन्याखालच्या ऑफिसात घेऊन यायचे.

तर यंदा एक फर्मान आलं. प्रत्येक हौसिंग सोसायटीनं आपल्या प्रत्येक फ्लॅटचा खरा मालक कोण ते ऑनलाइन कळवायचं. नाव कुणाचं, पैसा कुणाचा, राहतं कोण, सगळं. हे दिल्लीहून आलं की मुंबईहून, यावर गेटपाशी दोन दिवस वाद झाला. कुणी म्हणालं बेनामीवाले पकडायला आहे, कुणी म्हणालं नवीन टॅक्स बसवायला आहे. मला विचाराल तर सरकारला एवढंच आत्ता कळलं की आपल्याकडे घर एकाच्या नावावर असतं, हप्ता दुसरा भरतो आणि राहतो तिसरा.

मोहितेंना जोर चढला. हातात फाइल घेऊन दारोदार. प्रत्येक दारात एकच प्रश्न: "खरा मालक कोण?"

या प्रश्नानं आमच्या बिल्डिंगमध्ये जे झालं ते मोठ्या पुरानंही झालं नव्हतं. तिसऱ्या मजल्यावर नवरा-बायकोनं एकाच वेळी "मी" म्हटलं आणि मग आठवडाभर एकमेकांशी बोलले नाहीत. लालवानी आंटी उल्हासनगरच्या कॅम्पातून इकडे आलेल्या, बोलायला तिखट. त्या म्हणाल्या, "साईं, असली मालिक तो ऊपरवाला. नीचे मेरी बहू. मेरा नाम सिर्फ लाइट बिल पे आता है." मोहितेंनी गंभीरपणे विचारलं, "मग सुनेचं पॅन कार्ड मिळेल का?"

माझ्याकडे आले तेव्हा मी तयारीत होतो. माझे इथं दोन फ्लॅट आहेत. एकात आम्ही राहतो, दुसरा आईच्या नावावर घेतलाय. मी म्हणालो, "कागदावर आई आहे, पण खरा मालक मीच लिहा."

"आईंना विचारलंय?"

"त्यात काय विचारायचं? आई आहे माझी."

मोहितेंनी तिथल्या तिथे मंगलकडून नंबर घेतला आणि आमच्या आईला गावी फोन लावला. स्पीकरवर. आई म्हणाली, "फ्लॅट व्हय? माझाच हाय की. त्याला म्हणावं भाडं कुठं जातं माझं?"

मोहितेंनी फाइलमध्ये आईचं नाव लिहिलं आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "मालकासारखं वागा, गायकवाड. म्हणजे आधी मालकाला विचारा."

त्या दिवशी मी ठरवलं, या माणसाला एकदा तरी कोपऱ्यात गाठायचं. आणि संधी चालून आली. मुदत संपत आली तेव्हा कमिटीतल्या एकानं मोबाइलवर दाखवलं, सगळे फ्लॅट भरलेत, एकच बाकी. तो मोहितेंचा. दोन वेळा विचारलं तर "करतो, करतो" म्हणाले. मोहिते आणि काम अर्धवट? मी लिफ्टची वाट न बघता जिन्यानं वर गेलो. खोटं कशाला सांगू, मजा वाटत होती.

दार उघडंच होतं. ते आत फोनवर होते. मी सरळ हॉलमध्ये शिरलो.

मी घरात शिरल्यावर पहिल्यांदा भिंती बघतो, धंद्याची सवय. कुठं काय बसेल, कुठं काय विकता येईल. त्या हॉलच्या भिंती बघून मी थबकलो. चारही भिंती कोऱ्या. बिल्डरनं दिल्या तशाच पांढऱ्या, फक्त जपून पुसलेल्या. घड्याळ स्टुलावर उभं. कॅलेंडर फ्रिजला टेकवलेलं. आरसा खिडकीच्या कट्ट्यावर. कपडे वाळत होते ते खुर्च्यांच्या पाठींवर. सगळं घर कुणीतरी काल सामान उतरवून गेल्यासारखं, नाहीतर उद्या उचलून नेणार असल्यासारखं. हॉलच्या कोपऱ्यात घडीची खाट, त्यावर चादर. म्हणजे ते हॉलमध्ये झोपत होते.

बेडरूमचं दार अर्धं उघडं होतं. आत माझ्या दुकानातला डबल बेड. मी लगेच ओळखला, सागवानी पट्टीचा, उशाकडे कोरीव काम. हा बेड घेताना मोहितेंनी भाव केला नव्हता, म्हणून माझ्या लक्षात राहिला होता. त्यावरचं प्लास्टिक अजून तसंच होतं. वर पंखा फिरत होता, रिकाम्या खोलीत.

मी तिथल्या एका खुर्चीत बसायला गेलो.

"त्या खुर्चीवर नको," मागून मोहिते म्हणाले. "तिथं सुमन आहे."

मी वळून पाहिलं. खुर्चीवर, पाठीला टेकवून, त्यांच्या बायकोचा फोटो. ताजा हार. समोर टीव्ही. मी उभाच राहिलो.

"पंखा का चालू आहे तिकडे?" काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं.

"बसून राहिला की जाम होतो. गीझर पण अधूनमधून लावतो. विनोद येईल तेव्हा सगळं चालू हवं ना."

"विनोद कोण?"

"धाकटा भाऊ. घर त्याचं आहे."

मग त्यांनी मला दुसऱ्या खुर्चीत बसवलं आणि सांगितलं. आईवडील लवकर गेले. विनोदला त्यांनीच शिकवलं. तो परदेशात जायला निघाला तेव्हा अंबरनाथची चाळीतली खोली विकली. तिकडे त्याचं बस्तान बसल्यावर त्यानं हा फ्लॅट घेतला आणि म्हणाला, दादा, घर आपलंच आहे, तुम्ही दोघं राहा. सोसायटी झाली तेव्हा बिल्डरच्या माणसानं यादी वाचली. "मोहिते?" यांनी म्हटलं, "हजर." विनोदला शाळेत उशीर व्हायचा तेव्हाही हेच त्याच्या वर्गाच्या दारात उभे राहून त्याच्या नावाला हजर म्हणायचे. कोणता मोहिते हे कुणी विचारलं नाही. पुढच्या सभेत यांना सेक्रेटरी केलं.

"तेव्हाच सांगायला हवं होतंत," मी म्हणालो. माझा आवाज चढला होता.

"हो. हवं होतं." ते घड्याळाचं स्टूल सरळ करत होते. "वाटलं विनोद दोनेक वर्षांत येईलच. मग त्याला सभेत घेऊन जाईन आणि सांगेन, हा खरा मोहिते. तोवर बिल्डिंग तरी नीट ठेवू."

"आणि फॉर्म?"

"राहणाऱ्यासाठी त्यात दोनच रकाने आहेत, गायकवाड. मालक आणि भाडेकरू. मालक मी नाही. भाडेकरू लिहावं तर भाडं देत नाही. आत्ता विनोदला तेच विचारत होतो. तो म्हणतो, केअरटेकर लिही दादा, सिंपल आहे." त्यांनी फोन घड्याळाशेजारी ठेवला. "तो रकाना मी शोधला. नाही आहे."

'आपलं' म्हटलेलं घर कुठल्या रकान्यात लिहायचं हे मलाही माहीत नव्हतं. फॉर्म काढणाऱ्याला तर नव्हतंच.

"आणि हे काय?" मी भिंतीकडे हात केला. "एक खिळा नाही?"

"दुसऱ्याच्या भिंतीत भोक कसं पाडायचं? अंबरनाथच्या खोलीत खिळेच खिळे होते. छत्रीला एक, पिशवीला एक, सुमनच्या आरशाला एक. इथं आल्यावर ती म्हणायची, एक खिळा मारा हो, आरशासाठी. उभ्यानं केस विंचरता येतील. मी म्हणायचो, विनोद आला की विचारू." त्यांनी फोटोकडे पाहिलं नाही. "कट्ट्यावरच्या आरशासमोर खाली बसून विंचरायची ती. शेवटपर्यंत."

मी म्हणालो, "फोन द्या इकडे."

संध्याकाळ होती, तिकडे दुपार. मोहिते चहा टाकायला आत गेले आणि मी व्हिडिओ कॉल लावला. विनोद मोहिते गोरेगोमटे, हसतमुख, मागे मोठी पांढरी भिंत आणि भिंतीवर अकरा तरी फ्रेमा टांगलेल्या. मी ओळख सांगितली.

"अरे हो, गायकवाडसाहेब! दादा सांगतो तुमच्याबद्दल. फर्निचरवाले ना? बरं झालं बोललात. ॲक्च्युअली ह्या नियमामुळे आम्हीही विचार केला, तिथला फ्लॅट ठेवून करायचं काय? तुम्ही मार्केटमधले. एखादी चांगली पार्टी बघाल का?"

"आणि तुमचा दादा?"

"त्याचं करू ना काहीतरी. तिकडे सीनियर लोकांसाठी छान होम्स आहेत म्हणे हल्ली."

मी आयुष्यभर भाव केला आहे. समोरच्यानं चुकीचा भाव सांगितला तर हसून पुढचा आकडा कसा टाकायचा हे मला येतं. त्या वेळी मी आकडाच टाकला नाही. मी फोन ठेवला, म्हणजे आपटलाच.

मोहिते चहा घेऊन बाहेर आले. स्वयंपाकघर म्हणजे तिथून चार पावलं, मधे दारसुद्धा नाही. सगळं ऐकू आलं असणार. कप माझ्या हातात देत त्यांनी विचारलं, "बारीक झालाय का? मला तो कॅमेरा लावत नाही."

मी म्हणालो, "नाही. चांगला आहे."

"बरं झालं," ते म्हणाले. "तिकडे थंडी फार."

पुढच्याच रविवारी सभा झाली. मोहिते उभे राहिले, मी या सोसायटीचा सभासद नाही म्हणून सांगितलं, किल्ल्यांचा जुडगा टेबलावर ठेवला आणि माफी मागितली. लोक एकमेकांकडे बघायला लागले. लालवानी आंटी म्हणाल्या, "अरे साईं, बैठ जाओ ना, किसने पूछा?" ते म्हणाले, "नाही आंटी, सभासद नसलेल्याला सभेत बसता येत नाही. नियम आहे." आणि बाहेर जाऊन वॉचमनच्या बाकावर बसले. आत कुणालाच पुढचा विषय आठवेना. मग सगळ्यात जास्त आरडाओरडा मी करत होतो म्हणून मला सेक्रेटरी केलं. माझ्या पहिल्याच नोटिशीत मोहितेंनी तीन चुका काढल्या. लाल पेननं, पण वर लिहिलं, 'केवळ सूचना.'

परवा मी माझं ड्रिल मशीन घेऊन त्यांच्याकडे गेलो. स्क्रू, प्लग, पितळी हुक, सगळं चांगल्यातलं. म्हणालो, "वहिनींचा फोटो लावून टाकू. खुर्ची मोकळी होईल."

त्यांनी आधी घड्याळ पाहिलं. दोन वाजायचे होते. मग फोटो उचलला, भिंतीशी धरला, थोडा वर, थोडा डावीकडे. "इथं छान दिसेल," म्हणाले. "इथं उजेड येतो." मी मशीन लावलं, बटणावर बोट ठेवलं, आणि त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला.

"विनोदला विचारलंय?"

मी तिथंच उभं राहून मेसेज पाठवला. एका खिळ्याची परवानगी हवी आहे, हॉलच्या भिंतीत, वहिनींच्या फोटोसाठी. लगेच दोन निळ्या रेघा आल्या. वाचला. आम्ही दोघं वाट बघत बसलो. मोहितेंनी फोटो मांडीवर घेतला होता. दोन वाजले, तसे ते उठले आणि फोटो पुन्हा खुर्चीवर ठेवला. "आता चारपर्यंत नाहीच," म्हणाले.

मशीन मी परत आणलेलं नाही. ते सुमनवहिनींच्या खुर्चीखाली आहे. मोहिते त्यावरची धूळ रोज पुसतात.

आमची फसवणूक मी मोहितेंना माफ केलेली नाही. चपलांच्या कपाटाचं तर नाहीच. पण विनोद पांडुरंग मोहिते, माझा हिशोब आता तुमच्याशी आहे. सरकारी कागदावर मी तुमचंच नाव घातलंय, खरे मालक म्हणून. तुम्हाला पार्टी मी शोधून देणार नाही, आणि दुसऱ्या कुणी आणली तर ती माझ्या गेटमधून आत कशी येते ते बघतो. मेसेज तुम्ही वाचलाय. मालक आहात ना? मग मालकासारखं वागा. त्या भिंतीत एक खिळा मारायचा की नाही, याचं उत्तर द्या. आणि नाही म्हणायचं असेल तर फोनवर नको. इथं या, त्या खुर्चीसमोर उभे राहा आणि सांगा.